हमीदचाचांच्या गाडीचा हीटर

हमीदचाचांची जुनी गाडी तुम्ही पाहिलीच असेल. त्यांना पोरीची पाठवणी त्याच गाडीतून महाबळेश्वरला करायची होती, पण हीटरचा पंखा बंद. घाटातल्या धुक्यात काच धुरकटली की समोरचं काही दिसत नाही.

गाडी माझ्या गॅरेजात आली. मी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची वायर क्षणभर थेट मोटरला लावली, तर पंखा जरासा फिरला. म्हणजे मोटरला गाडीच्या पत्र्यातून अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळत नव्हतं. लग्नासाठी मारलेला नवा रंग अर्थिंगच्या स्क्रूखाली गेला होता आणि रंगातून करंट जात नाही.

"चाचा, रंग खरवडावा लागेल."

"खरवड. पण मला दाखवू नको रे."

चाचांनी आत बसून डोळे मिटले. मी रंग काढून स्क्रू आवळला. पंखा जोरात सुटला आणि गाडी एकदा पुरात बुडाली होती तेव्हापासून आत सुकून राहिलेला गाळ थेट त्यांच्या पांढऱ्या दाढीवर.

चाचांनी दाढी झटकली. "चालू झाला ना? झालं तर मग. पोरीला मागं बसवू."