सोलोचा आवाज

(नरपडला निलमचं घर. दुपार. निलम लॅपटॉपवर टाइप करतेय, ललित समोरच्या खुर्चीत बसलाय.)

निलम : तीन मुद्दे लिहून झाले. वाचून दाखवते, चुकलं असेल तर सांगा. एक, गिटारच्या अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, स्क्रीनवरची अक्षरं मोठी हवीत, उन्हात मांडवाखाली काही दिसत नाही. दोन, लाइट जाऊन आली की हा डिजिटल अँप सुरू व्हायला मिनिटभर लावतो, तोवर गाणं संपतं. तीन, आवाज बदलायला दर वेळी मोबाइल जोडावा लागू नये. चौथा मात्र मला इंग्रजीत मांडता येईना, ललितदादा. काय म्हणायचंय तुम्हाला नेमकं?

ललित : जुन्या वॉल्व्हच्या अँपवर तार हळू छेडली की आवाज मऊ यायचा, जोरात मारली की गुरगुरायचा. या डब्यात त्या सगळ्या जुन्या अँपचे आवाज भरलेत. पायाने दाबायच्या एकेका बटणावर एकेक. ऐकायला अगदी तसेच, पण बोटाचं ऐकत नाहीत. तसं लिही.

निलम : बोटाचं ऐकत नाहीत. बरं. आता पाचवा.

ललित : चार पुरेत. अँपच्या कंपनीने सूचना मागवल्यात, गाऱ्हाणी नाही.

निलम : थांबा ना. इथे खाली बाकीच्या गिटारवाल्यांनी काय काय मागितलंय ते दिसतंय. सगळ्यात जास्त जणांनी एकच लिहिलंय. एका बटणावरून दुसऱ्यावर पाय गेला की आवाज एकदम उसळतो, तो सगळीकडे एकसारखा ठेवा. दादा, असं होतं यात?

ललित : होतं कधीकधी.

निलम : मग तलासरीच्या हळदीत हेच झालं असेल. आणि आपण सगळे साउंडवाल्या प्रविणवर गेलो. त्याचा हात मिक्सरवर घसरला, असं धरूनच चाललो. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?

ललित : अँपवर ढकलणं सोपं आहे. तीन महिने मनातल्या मनात मी तेच करून बघतोय. पण नाही, निलम. अँपने काही केलं नाही. प्रविणनेही नाही. मी केलं.

निलम : काय केलंत तुम्ही?

ललित : अदिती पुण्याहून आली होती, आठवतंय? इतक्या वर्षांत माझी मुलगी पहिल्यांदा मला ऐकायला आली. स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीत बसणारा बाप तिने बघितलाय, स्टेजवरचा नाही. आणि साउंडचेकला प्रविणने गिटारचा आवाज कमी ठेवला. मी दोनदा म्हटलं, वाढव. तो म्हणाला, दादा, निलमताई गातात तिथे त्यांच्या पुढ्यातल्या स्पीकरला तुमची गिटार जाते, वाढवली तर शिट्टी मारेल. बरोबरच होतं त्याचं. मांडवभर टाळ्या वाजवत फिरून त्याने आवाज लावला होता. मी बरं म्हटलं. तो चहाला गेला, तेव्हा मी अँपवर सोलोच्या, म्हणजे गिटार एकटी पुढे वाजते त्या तुकड्याच्या, बटणाचा आवाज पार शेवटापर्यंत चढवून ठेवला. त्याला मिक्सरवर बसून ते कळायचं काही कारणच नव्हतं.

निलम : आणि गाण्यात त्या बटणावर पाय ठेवलात.

ललित : ठेवला.

निलम : मला वाटलं, कानात काहीतरी फुटलं.

ललित : तू कान धरून खाली बसलीस. तेव्हा मी बोललो काहीच नाही. फक्त मान वळवून प्रविणकडे बघितलं. मी बघितलं म्हणून मांडवातल्या सगळ्यांनी बघितलं. मोहनभाईंनी त्याला तिथल्या तिथे वायरी गुंडाळायला लावल्या. ऑर्केस्ट्रा त्यांचा, त्यांना कोण काय म्हणणार? मी म्हणू शकलो असतो. एक वाक्य होतं.

निलम : वापीच्या डॉक्टरांकडे तुम्हीच मला गाडीने नेलंत. ते म्हणाले, डावा कान आता एवढाच. तुम्ही शेजारी बसला होतात.

ललित : हो.

निलम : डावीकडच्या रांगेतली मुलं काय बोलतात ते ऐकू येईना, म्हणून वर्गातलं टेबल भिंतीला लावून घेतलं. ते सरकवायलाही तुम्हीच शाळेत आलात. मी घरी सांगितलं, ललितदादांसारखा माणूस नाही.

ललित : तुझ्याकडे आलो की त्या दिवसापुरतं हलकं वाटायचं. म्हणून येत होतो.

निलम : ते नका सांगू मला. तुमचं हलकं वाटणं ऐकायची माझी तयारी नाही आत्ता.

ललित : बरं.

निलम : अदितीला माहीत आहे?

ललित : नाही. गाडीत मागे बसून ती एवढंच म्हणाली, बाबा, त्या साउंडवाल्या काकांना सगळे फार बोलले. मी काच खाली केली आणि गाडी चालवत राहिलो.

निलम : सगळे कोण? सगळ्यात जास्त मीच बोलले. कानातली किणकिण थांबत नव्हती आणि मी माइक घेतला. म्हटलं, जमत नसेल तर घरी बस, दुसऱ्याचा जीव घेऊ नकोस. माइकवर, दादा. तीनशे माणसं होती. मग त्याला या पट्ट्यात कोणी बोलावलंच नाही. परवा डहाणूच्या बाजारात त्याची बायको भेटली, कविता. मी तोंड फिरवलं. तीच पुढे आली आणि म्हणाली, ताई, कान बरा आहे का? मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. त्या कानाचा तेवढा उपयोग करून घेतला मी.

ललित : तुला काय माहीत होतं? तुझी चूक नाही त्यात.

निलम : किती आहे ते माझं मी बघेन. तो आता उंबरगावला जातो, कंपनीत, पॅकिंगला. ही त्यांची जेवणाची सुट्टी असेल. फोन लावा. स्पीकरवर ठेवा.

ललित : असं फोनवर नको. भेटून सांगतो.

निलम : तीन महिने भेटूनच सांगायचं होतं ना तुम्हाला? लावा.

प्रविण : (फोनवर) बोला, ललितदादा. सुट्टी संपायला आली, लवकर बोला.

ललित : प्रविण, तलासरीच्या त्या हळदीत तुझी काही चूक नव्हती. तू चहाला गेलास तेव्हा मी माझ्या अँपवर आवाज चढवून ठेवला होता. तुला न सांगता. आणि नंतर गप्प बसलो. आज निलमला सांगितलं, आता तुला सांगतोय.

प्रविण : म्हणजे माझा हात नव्हता लागला?

ललित : नव्हता.

प्रविण : मला वाटलं, लागला असेल. इथं खोके भरतो ना, तरी डोक्यात तेच. डावा हात कुठं होता, उजवा कुठं होता. सगळेच बोलतात म्हटल्यावर मीपण मानलं. नंतर नंतर तर मला दिसायलाच लागलं, बोट घसरतंय ते. नव्हतं ना घसरलं?

ललित : नाही रे. तू लावलेला आवाज बरोबर होता.

निलम : प्रविण, मी निलम. त्या दिवशी मी माइकवरून तुला...

प्रविण : ताई, कान कसा आहे?

निलम : डाव्याने कमी येतं. तसंच राहणार म्हणाले.

प्रविण : गाता का?

निलम : नाही. सूर कुठे लागतोय ते कळत नाही.

प्रविण : हं.

ललित : मोहनभाईंना मी आजच सांगतो. बाकीच्यांनाही सांगतो, माझ्या तोंडाने. तू परत मिक्सरवर ये.

प्रविण : ते नंतर बघू, दादा. मला आता काय सुचत नाय. भोंगा झाला, जावं लागेल.

निलम : प्रविण, माफी मागायची होती रे. फोनवर कशी मागू?

प्रविण : मला नका सांगू, ताई. आई होती त्या मांडवात, पुढच्या खुर्चीवर. तेव्हापासून ती कोणाच्या लग्नाला जात नाय. रविवारी घरी या, दोघं. तिला सांगा. मी बाजूला बसून ऐकतो.