म्हात्रेशेठच्या बादल्या

मानपाड्याच्या म्हात्रेशेठचं तुम्हाला सांगितलं का मी? कारखान्यांतून महिन्याला किती माल निघतो ते विचारायचं आणि औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकासाठी वर पाठवायचं, हे माझं काम. शेठचा बादल्यांचा कारखाना. फोनवर ते आकडा सांगायचे, आणि दर वेळी तोच! शेवटी आमचे साहेब म्हणाले, "एकदा जाऊन बघ."

गेले, तर कारखान्याच्या जागी लग्नाचा हॉल! आणि वर सगळे आकडे मीच पाठवलेले!

"शेठ, कारखाना कधी बंद केलात?"

"झाला की वरीस."

"मग आकडे कसले देत होतात?"

"तुमी येवढ्या मायेनं इचारता मॅडम, नाय कसा बोलू?"

मी कपाळाला हात लावला. "आता उत्पादन शून्य लिहावं लागेल."

शेठ भडकलेच. "शून्य कसा? या महिन्यात आठ लग्नं लावली!"