डोळे मिटले की येते म्हणे!

...आणि वर मलाच विचारतात हो सगळे, "तुमच्या ह्यांना झोप का येत नाही?" घ्या! जणू काही ह्यांची झोप मी कपाटात कोंबून किल्ली लपवून ठेवलीय! अहो, येत नाही म्हणजे येत नाही! बरं, विचारणारा नुसता विचारून जाईल तर शपथ. जाता जाता उपाय सांगणार, "काही नाही हो, दिवा मालवायचा, कुशीवर वळायचं आणि डोळे मिटायचे..." डोळे मिटले की येते म्हणे!

तर तुम्हाला सांगते, आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे काय, खोक्याएवढं ऑफिस, एक गाडी आणि तिच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. सगळे ह्यांना 'मास्तर' म्हणतात. आता हा धंदाच असा, की रोज नव्या माणसाच्या हातात आपला जीव द्यायचा आणि वर त्याला धीरही द्यायचा! शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तेवढ्यावर आमचा संसार उभा. पण माणूस मोठा मजेशीर हं! कुणी गाडी नेऊन कचऱ्याच्या पेटीवर घातली, तर हे म्हणणार, "वा! पेटी सापडली. चला, आता रस्ता शोधू." निम्मी माणसं गाडी शिकायला यायची, निम्मी ह्यांचं बोलणं ऐकायला.

आणि अशा माणसाची झोप गेली कशानं? दाढेनं! हसू नका, खरंच सांगते. दाढ ठणकायला लागली, आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, दाढ काढली की झोपतील. दाढ काढली... आणि ती मेली जाताना झोपही बरोबर घेऊन गेली! ठणका गेला, जागरण राहिलं. हे आपले पडलेत छताकडे बघत. मी विचारायचं, "अहो, झोपलात का?" हे म्हणायचे, "हो." आता झोपलेला माणूस 'हो' म्हणतो का?

बरं, नुसती झोपच गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण झोप गेल्यावर दार उघडंच राहिलं जणू, एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. आधी भूक गेली. मग रेडिओवरची गाणी गेली, म्हणजे रेडिओ चालू, पण ह्यांच्या कानात काही शिरेना. मग हसणं गेलं. सकाळी बघावं तर एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि हे खाटेच्या काठावर बसलेत भिंतीकडे बघत. चहा गार. मी म्हणायची, "अहो, दुसरा मोजा!" हे मोज्याकडे असे बघायचे, की हा कोण बुवा?

आणि गाडीत? शिकणारा घाबरत विचारायचा, "मास्तर, वळवू का?" तर हे म्हणायचे, "वळवा नाहीतर नका वळवू, काय फरक पडतो?" आता वाक्य म्हणून थोर आहे हो, पण समोर भिंत असताना?

मग काय, घरात सल्लागार मंडळ बसलं! सासूबाई म्हणाल्या, "हे सगळं त्या मोबाइलमुळे होतं." मी म्हटलं, "आई, ह्यांचा फोन बटणांचा आहे हो. त्यात फोन सोडून काही येत नाही." तर म्हणतात, "मग तुझ्या मोबाइलमुळे होत असेल!" झालं! म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात! धाकटे दीर आले, ते झोप मोजणारं घड्याळ घेऊन. "दादा, हे मनगटाला बांध. झोप शास्त्रशुद्ध मोजता येते." आता जी येतच नाही ती मोजून काय दिवे लावायचे? पण बांधलं. सकाळी ते घड्याळ थरथरायचं आणि वर अक्षरं यायची, 'झोप असमाधानकारक.' म्हणजे बघा, आधी नुसती झोप येत नव्हती, आता माणूस रोज नापासही व्हायला लागला!

त्यात मायलेकांचा वाद! सासूबाई म्हणायच्या, "झोप नाही म्हणून तो उदास आहे." दीर म्हणायचे, "अगं आई, उदास आहे म्हणून झोप नाही." "मी जन्म दिलाय त्याला!" "मी वाचलंय त्याबद्दल!" आणि मधोमध हे, दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असे. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. कशावर? डोळे मिटले की येते म्हणे!

मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर हे म्हणाले, "मला काय झालंय? ताप नाही, खोकला नाही. झोप नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का?"

आणि मग एक दिवस जेवताना... लेक कॉलेजातली काहीतरी गंमत सांगत होती, मी वाढत होते, आणि हे एकदम, अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाले, "मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही, नाही का?" माझा डाव वाटीवर होता तिथेच थांबला. लेक बघतेय माझ्याकडे. मी आपलं हसून म्हटलं, "अडेल तर! डब्यांची झाकणं कोण उघडून देणार?" हे हसले नाहीत. त्या दिवशी भांडी घासताना मी नळ मोठा सोडला होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आता ऐका. ह्यांच्याकडे गाडी शिकायला यायच्या पोस्टवाल्या मावशी. पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की पाकिटावरचं तिकीट आपणहून चिकटावं. निवृत्तीनंतर म्हणे, "जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी पोचवल्या, आता स्वतः कुठेतरी जाते." दुपारची वेळ, ऊन उबदार, गाडी हळूहळू चाललेली, मावशी चालवताहेत... आणि मास्तर झोपले! हो हो, शेजारी बसल्या बसल्या! मान खाली, तोंड उघडं, पाय ब्रेकवरून बाजूला! मावशींनी विचारलं, "मास्तर, इथे वळू?" तर उत्तर म्हणून घोरणं!

आता दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. पण मावशी त्यातल्या नव्हेत. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली. मनात म्हणाल्या, बिचारा किती दिवसांनी झोपलाय कोण जाणे, झोपू दे. पण अडचण अशी, की मावशींचं शिक्षण अर्धवट! डावीकडे वळायला आलेलं, उजवीकडचं वळण पुढच्या आठवड्यात होतं. मग काय करतील? डावीकडे! पुन्हा डावीकडे! खेळाच्या मैदानाला आपल्या चकरा सुरू! शाळा आली, पाण्याची टाकी आली, न्हाव्याचं दुकान आलं... पुन्हा शाळा, पुन्हा टाकी, पुन्हा न्हावी! शेवटी तो न्हावी आणि त्याचं फेस लावलेलं गिऱ्हाईक दोघं दारात येऊन हात हलवायला लागले म्हणे! मागचे हॉर्न वाजवायला लागले, तर ह्या काच खाली करून दटावायच्या, "हळू! मास्तर झोपलेत!"

शेवटी पेट्रोलचा दिवा लागला, तेव्हा मावशींनी गाडी मैदानाच्या कडेच्या झाडाखाली घेतली. अशी अलगद थांबवली, की ह्यांनी स्वतः कधी थांबवली नसेल. आणि गाडी थांबली तसे हे जागे झाले! "ब्रेक!" करून ओरडले आणि उभ्या गाडीत धाडकन ब्रेक दाबला! मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं, काय झालं ते ध्यानात आलं... आणि हा एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडायला लागला. "मावशी, तुमचा जीव गेला असता माझ्यामुळे." मावशी म्हणाल्या, "गेला नाही ना? मग पुढचं बोला." आणि मग जे मला सांगितलं नाही, आईला नाही, भावाला नाही, ते सगळं त्या झाडाखाली बाहेर आलं. कशातच गोडी वाटत नाही, सकाळ झाली की भीती वाटते, कधी कधी वाटतं की नकोच ते...

मावशींनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही इकडे शेजारीच बसा. घरी मी नेते." डावीकडे डावीकडे करत, अर्ध्या तासाचा वळसा घालून, आणलं ह्यांना घरी. मी दार उघडलं. मावशी ह्यांचा दंड धरून उभ्या. म्हणाल्या, "रजिस्टर पार्सल आहे. आत माल नाजूक आहे. ताब्यात घ्या, आणि उद्याच्या उद्या डॉक्टरकडे पोचवा."

ह्या वेळी हे नाही म्हणाले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणजे अगदी तरुण, माझ्या लेकीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. पण नीट ऐकून घेतलं. ह्यांना सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" हे म्हणाले, "कधी कधी." आणि म्हटल्यावर खांदेच खाली आले हो त्यांचे, ओझं उतरावं तसे. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी काय गेलं, झोप की मन? घरात ह्यावरून भांडणं आहेत." त्या म्हणाल्या, "दोघांची जोडी असते. कुणीही आधी आलं तरी दुसऱ्याला बोलावून घेतं, आणि मग दोघं मिळून मुक्काम ठोकतात. आपण दोघांनाही बाहेर काढू." गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदा मोकळं बोलायला एका समुपदेशकांकडे जायला सांगितलं, आणि झोप सुधारेपर्यंत गाडी बंद! शिकवायचं ते ऑफिसात बसून. मी म्हटलं, "आणि सगळे सांगतात ते, डोळे मिटले की..." तर त्या म्हणाल्या, "मिटून पडूच नका! झोप आली नाही तर सरळ उठा, दुसऱ्या खोलीत जा, काहीतरी कंटाळवाणं काम करा. डोळे पेंगायला लागले की परत या. आणि उठायची वेळ मात्र रोज एकच, रविवारीसुद्धा." मी लगेच विचारलं, "घड्याळाचं काय?" म्हणाल्या, "ज्यांनी दिलं त्यांना परत द्या." परत दिलं तेव्हा दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

एकदम बरे झाले असं नाही हं. गाडी कधी पुढे, कधी मागे. चार दिवस बरे जायचे की पाचव्या दिवशी पुन्हा तो मोजा हातात. पण एक दिवस मी ऑफिसात डबा घेऊन गेले, तर आत मावशी खुर्चीवर बसलेल्या, हातात पातेल्याचं झाकण, म्हणजे ते स्टिअरिंग, आणि उजव्या वळणाचा सराव चाललेला. वळता वळता कोपर लागून पाण्याचा तांब्या टेबलावरून खाली! आणि हे हसले. अहो, खळखळून! मी दाराबाहेरच उभी राहिले. डबा गार झाला, पण आत गेले नाही. म्हटलं, पुरं होऊ दे हसू.

आता गंमत ऐका. डॉक्टरांनी कंटाळवाणं काम सांगितलं ना, ते ह्यांनी कुठलं निवडलं असेल? इस्त्री! झोप नाही आली की उठायचं आणि इस्त्री करायची. तुम्हाला सांगते, त्या दिवसांत आमचं घर म्हणजे काय घर होतं! माझे कामावर जायचे कपडे कडक. लेकीच्या ओढण्या कडक. उशांचे अभ्रे, पडदे, हातरुमाल, सासूबाईंची पोलकी... अहो, भांडी पुसायच्या फडक्याला घडी! कामावर बायका विचारायच्या, "नवीन साडी का गं?" मी आपली मान वर करून हिंडायची.

आणि आता? आता आमचे हे पडले की घोरतात. गाडी सुरू झाली, बोलणं सुरू झालं, रविवारीसुद्धा ठरल्या वेळी उठून सगळ्यांना उठवतात. आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बघाल तर खिडकी दिसत नाही आमची! परवा तशीच चुरगळलेली साडी नेसून कामावर गेले. साहेबीणबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हा काय अवतार? घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "हो ना बाई... आता अगदी ठीक आहे!"