काळी बाटली

द्वारका चौकाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन तरुण हळू आवाजात बोलत होते.

"विहंग, डॉक्टरांना पॉपर्सचं सांगायलाच हवं."

"काय सांगू? पार्टीत झिंगेसाठी बाटली नाकाला लावून हुंगतो म्हणून?"

"तसंच सांग. मध्ये ब्रँड बदलला, तेही सांग."

"दोन्ही एकच ना, उन्मेष?"

"नाही रे. काल दोन्हींची लेबलं वाचली. पिवळ्या बाटलीत वेगळं रसायन होतं, या काळीत वेगळं. काळीतल्या रसायनानं डोळे बिघडल्याच्या केसेस जास्त आहेत."

"मग पिवळीच बरी होती म्हणायची."

"ती तरी कुठे बरी? तिनं तुझं डोकं दुखायचं, म्हणून तर मी ही मागवली. हिचा वास सौम्य आहे म्हणालो."

"तूही हुंगलीसच की."

"मला काहीच झालं नाही. तेच जास्त मनाला लागतं."

"कंपनीत ड्रॉइंग वाचायला घेतलं, की आकड्यावरच पिवळा डाग येतो. शेजारच्याला विचारून काम करतोय."

"माझ्याकडे बघ. चेहरा दिसतो?"

"केस दिसतात, कान दिसतात. मधे तू नाहीस."

"म्हणजे डाग बरोबर मधेच आहे. हेही सांगू त्यांना."

"बरं होईल का रे?"

"हुंगणं बंद केल्यावर काहींचं होतं म्हणे. सगळ्यांचं नाही."

"विहंग देवधर, आत या."

"मी येऊ बरोबर?"

"ये. माझ्याच्यानं बोलवणार नाही. तूच सांग सगळं."

"आणि बाटली कुणी आणली विचारलं तर?"

"ते कुणी विचारणार नाही, उन्मेष."