बांधलेला गाव

त्या पटकीच्या साली उमराव बांगड्या विकायला खैरटोल्याला निघाला होता. गोंदियात छोट्या लाईनीच्या रेल्वेगाडीच्या तिकिटाच्या रांगेत त्याच्या पुढं दोघीजणी बोलत होत्या.

“सुभद्राबाई, खैरटोल्याले कायले जाऊन राहिली? गाव बांधला आहे न?”

“माय बिमार आहे.”

“निंबाचं तोरण लागलं का बाहेरचा कोणी आत जात नाही.”

“शिवेवर राखणीले माहा भाऊच बसते.”

“मंग सोडीनच तो. तू सख्खी बहीण.”

“त्याचंच भेव वाटते.”

“काऊन?”

“मले सोडलं तं उद्या कोणाले अडवीन तो? मायचं घर शिवेजवळच आहे. बाहेरूनच हाक मारीन. तिनं ओ दिली का परत फिरीन.”

रांग पुढं सरकली. उमरावनं बांगड्यांचं गाठोडं उचललं आणि तो घराकडं वळला.