वरच्या मजल्यावरची मारामारी

"वरच्या भाडेकरूंकडे रोज सकाळी मारामारी होते, आणि मार खातो तो..." जिन्यात एवढंच ऐकू आलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवाज खाली नेला. संध्याकाळच्या सभेत त्या जोडप्याला घर सोडायला सांगणार होते म्हणे. मला कसलं राहवतंय? वाटी घेऊन विरजण मागायला वर गेले.

दार उघडंच होतं. नवरा-बायको दोघंही आयटीतले, दोघंही कराटेवाले. शेजारी शेजारी सराव चालला होता आणि तोंडानं भांडण.

तो काताची ठरलेली पावलं टाकत म्हणाला, "काता घोटल्याशिवाय हाताला शिस्त येत नाही."

ती हवेत ठोसे मारत म्हणाली, "शॅडो बॉक्सिंग कर. खरा माणूस तुझ्या ठरलेल्या जागी येऊन उभा राहणारे का?"

"अहो, विरजण आहे का?" म्हणत मी नेमकी तिथेच जाऊन उभी राहिले.

त्याची मूठ माझ्या नाकापासून बोटभरावर थांबली. तिची थांबली नाही. वाटी सोफ्याखाली गेली.

"काकू, लागलं का हो?"

"मला नाही, वाटीला."

सभेत मी सांगितलं, "मारामारी होते, खरं आहे. पण एकमेकांत नाही. न विचारता आत शिरेल त्याला बसते."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मग राहू द्या त्यांना."