पर्कोलेटरची जुनी मूठ

नाही हो काका, तक्रार कसली—काम झकासच केलंत तुम्ही, तेच तर झालंय ना! कॉफीचा पर्कोलेटर कसला, आरसा झालाय. आता तो होता तसा करून द्या परत. असे बघू नका, वेड नाही लागलंय मला. ती जुनी मूठ—करपलेली, तार गुंडाळलेली—टाकली नसेल ना? काढलेला भाग मी कधी टाकत नाही, म्हणाला होतात. शोधा ना जरा त्या डब्यात. आणि पोटाला पोचा होता, तुम्ही आतून ठोकून काढलात—तो परत पाडता येईल? तिथेच? आतला काळा थर तर गेलाच म्हणा, तो कुठून आणणार! सासूबाई आत कुणाला साबण लावू द्यायच्या नाहीत. गरम पाणी फिरवायचं, की झालं. मी म्हणायची, आई, किती काळंकुट्ट झालंय हे—तर म्हणायच्या, चव त्यातच आहे, हात लावून तर बघ!

म्हणायच्या काय, म्हणतात. म्हणतात हो काका. आहेत त्या. मागच्या वेळी मी ‘सासूबाईंची आठवण’ म्हटलं आणि तुम्ही हातातलं काम थांबवून ‘फार वाईट झालं’ म्हणालात—तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जीभच रेटली नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते, फोन वाजला की नवरा दचकायचा—आणि मी काय करत होते? शेल्फ सजवत होते! तुम्ही एवढ्या मायेनं घासलेल्या या भांड्यात वाळकी फुलं खोचून लांबून बघत होते, कसं दिसतंय ते. छान दिसत होतं. शी! सांगतानासुद्धा मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

आज सोडलं त्यांना हॉस्पिटलमधून. सकाळी घाईघाईनं फुलं उपटली, हे पिशवीत कोंबलं—म्हटलं, हळूच तुमच्याकडे टाकू. तर गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, माझं भांडं बरं आहे ना? बोलून गेले मी, दुरुस्तीला दिलंय. झालं! म्हणे वाटेतच असेल दुकान, तर घेऊनच जाऊ. ती काय समोर गाडी, मागच्या सीटवर बसल्यात. नवरा आहे सोबत, पण शेल्फकडे बघायचं भान त्याला कुठलं—त्यालाही यातलं काही ठाऊक नाही. मूठ सापडली? सापडली! बसवा, बसवा लवकर. निदान हाताला तरी ओळखीची लागेल. आणि त्या चुकून आत आल्याच, तर ते ‘वाईट झालं’ वगैरे—तुम्हाला सांगायला नको म्हणा.

अगंबाई! आई, तुम्ही कशाला उतरलात? आणतच होते मी. बसा, या स्टुलावर बसा. हो, हेच ते. चकाकतंय खरं—जरा जास्तच घासलं गेलं, चूक माझीच, काकांना काही बोलू नका. पण मूठ तीच आहे, बघा ना धरून! झाकण कशाला उघडताय आई, घरी गेल्यावर बघू की सावकाश, आत काही नाही—

ते... फूल आहे, आई. वाळकं.